वंशावळीबाहेरच्या बायका
(जपानी अंमलातील कोरियन स्त्री आणि ऐतिहासिक कादंबरी)



आजच्या विषयाचे नाव वाचून आपल्यापैकी काहींनी मनाशी म्हटले असेल, की इतक्या लांबचा कोरिया आमच्या गावच्या व्यासपीठावर कशासाठी? प्रश्न रास्त आहे. कोरियाचे आणि आमचे नाते फार दाट नाही. पण अगदीच नाही असेही नाही. १९५३ साली तिकडचे युद्ध थांबल्यावर युद्धकैद्यांची राखण करण्यास जे भारतीय दल गेले, त्याचे प्रमुख मेजर जनरल थोरात हे आपल्या कोल्हापूरकडचे. त्याच्याही आधी, १९३२ साली, पंडित नेहरूंनी तुरुंगातून आपल्या मुलीस जी पत्रे लिहिली, त्यांपैकी एकात कोरियाच्या स्वातंत्र्यलढ्याची हकीकत आहे. आणि त्या लढ्यात कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुली पुढे होत्या, हे पंडितजींनी मुद्दाम लिहिले आहे. आम्ही आज ज्या बायकांविषयी बोलणार आहोत, त्यांची आमच्या देशाला करून दिलेली पहिल्या ओळखींपैकी ही एक होय.

थोडा इतिहास सांगितल्यावाचून पुढे जाता येणार नाही; तो शक्य तितक्या लवकर उरकतो. १९०५ साली जपानने कोरियाचा परराष्ट्रव्यवहार आपल्या हाती घेतला, आणि १९१० च्या ऑगस्टात तो देशच खालसा केला. हा अंमल पस्तीस वर्षे टिकला. १५ ऑगस्ट हा आपल्याप्रमाणे त्यांचाही स्वातंत्र्याचा दिवस. साल तेवढे १९४५. मधल्या काळातली सर्वांत मोठी घटना १ मार्च १९१९ ची. त्या दिवशी सोलमध्ये स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला गेला आणि देशभर लोक रस्त्यावर आले. त्यानंतर सुमारे सहा आठवड्यांनी इकडे अमृतसरला जालियनवाला बाग झाली, हे लक्षात ठेवले म्हणजे त्या वसंत ऋतूत आशियात काय चालले होते याची कल्पना येते.

इंग्रजांच्या राज्यात आणि जपानी राज्यात एक फरक मात्र ध्यानात घेतला पाहिजे. इंग्रज सहा हजार मैलांवरून आला; त्याने आम्हांला लुटले, शिकविले, तुरुंगात घातले, पण तुम्ही इंग्रज व्हा असे काही त्याने म्हटले नाही. आम्ही तसे होऊ शकतो असे त्याला वाटतच नव्हते. जपान हा कोरियाचा शेजारी. दोघांनीही चीनची अक्षरे घेतलेली, दोघांच्याही देशात बुद्धाची देवळे. त्यामुळे जपानी राज्यकर्ता कोरियन माणसाला म्हणे, की तू जपानीच हो, आपण एकच शरीर आहोत. आणि तसे होऊ गेल्यावर शरीराचा पाय कोणता हेही दाखवून देई. भाषा, देव, शेवटी नावसुद्धा. १९३८ नंतर शाळांतून कोरियन भाषा मागे सारली गेली, आणि १९४० मध्ये घराण्याची नावे जपानी पद्धतीने नोंदवा असा हुकूम लागू झाला.

या नावाच्या हुकुमापाशीच आम्हांला थांबावयाचे आहे, कारण आजच्या साऱ्या विवेचनाचे मूळ त्यात आहे.

जुन्या कोरियात प्रतिष्ठित घराण्याची वंशावळ फार काळजीने राखली जाई. त्यात मुलगा नावाने येई; मुलगी आली तर अमक्या जावयाची बायको म्हणून. बाहेरून आलेली सून तिच्या बापाच्या आडनावाने आणि त्याच्या कुळाच्या मूळ गावाने ओळखली जाई. घरात ती कोणाची तरी आई असे. सामान्य घरांतल्या पुष्कळशा बायकांना नोंदवण्याजोगे नावच नव्हते. पण एक गोष्ट मात्र त्यांच्याजवळ होती. लग्नानंतर कोरियन स्त्री बापाचे आडनाव सोडीत नाही, आजही सोडीत नाही. येथे बसलेल्या भगिनींच्या बाबतीत, ज्यांचे आडनाव तर बदललेच, पण मांडवातून उठण्यापूर्वी तांदळाच्या ताटात पाळण्यातले नावही पुसले गेले, त्यांना ही गोष्ट कशी वाटेल हे सांगावयास नको. आता १९४० च्या हुकुमाने काय केले? जपानी कायद्यात एका घराचे एकच नाव. ज्यांनी मुदतीत नवे नाव नोंदविले त्यांचे ते नवे नाव, आणि ज्यांनी नोंदविले नाही त्यांच्या घरात कर्त्या पुरुषाचेच आडनाव साऱ्या घराचे झाले. म्हणजे बाणेदारपणाने जपानी नाव नाकारणाऱ्या घरातही पुरुषाचे नाव राहिले आणि बायकोचे गेले. दर पाच घरांतील चार घरांनी नावे नोंदविली असे सांगतात. राहिलेल्या पाचव्या घरातील गृहिणीचे काय झाले, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही.

असली गोष्ट सरकारी दप्तरात एका कलमाची असते. तिचे माणसाच्या आयुष्यात काय होते हे पाहावयाचे तर कादंबरीकडे वळावे लागते.

आम्ही मराठी वाचक ऐतिहासिक कादंबरी म्हटली की गड, घोडे, खलिते आणि मध्यरात्रीची भुयारे यांची वाट पाहतो. हरिभाऊंच्या 'उष:काला'ने आमच्या आजोबांना ती गोडी लावली आणि ती काही वाईट नव्हती. जपानी अंमलावर ज्या कोरियन, किंवा अमेरिकेत वाढलेल्या कोरियन वंशाच्या लेखिकांनी लिहिले आहे, त्यांच्या कादंबऱ्यांत गड नाहीत. तेथे तांदळाचे दुकान आहे, चूल आहे, सूतगिरणीतील शयनगृह आहे, समुद्राचा तळ आहे. लढाई झालीच तर ती वाटी-दोन वाट्या धान्यावरून होते.

याला एक तयार वाट होती आणि ती टाळणे सोपे नव्हते. ती वाट यू ग्वान-सुनची. ही मुलगी सोलच्या इह्वा विद्यालयातील, १८८६ साली एका अमेरिकन मिशनरी बाईने काढलेल्या शाळेतील विद्यार्थिनी. मार्च १९१९ मध्ये शाळा बंद पडल्या तेव्हा ती आपल्या गावी गेली, आणि १ एप्रिल रोजी आउने येथील बाजारात तिने मिरवणूक काढविली. गोळीबारात तिचे आई-बाप दोघेही ठार झाले. तिला शिक्षा झाली. तुरुंगातही ती घोषणा देत राहिली, मार खात राहिली, आणि २८ सप्टेंबर १९२० रोजी सोलच्या सोदेमुन तुरुंगात वारली. वय सतरा. अशा मुलीपुढे कोण नतमस्तक होणार नाही? परंतु कादंबरीकाराला तिचा उपयोग थोडा. ती कायमची सतरा वर्षांची राहिली. तिला संसार नाही, कर्ज नाही, सासू नाही, भीतीने गप्प बसल्याची एखादी दुपार नाही. देशाने तिला लगेच मूर्ती केले. मूर्तीला हार घालता येतो, तिच्याशी बोलता येत नाही. आणि कोरियन स्त्री म्हणजे जणू परकीयाने विटाळलेली मातृभूमी, असे रूपक एकदा बसले म्हणजे प्रत्यक्ष बाईचे म्हणणे ऐकण्याची गरज उरत नाही. आम्ही ज्या कादंबऱ्या चांगल्या मानतो, त्या या रूपकाशी भांडणाऱ्या आहेत.

यूजिनिआ किम यांची 'द कॅलिग्राफर्स डॉटर' ही २००९ सालची कादंबरी घ्या. लेखिकेने ती आपल्या आईच्या आयुष्यावरून रचली आहे. केसोंग गावातील एक खानदानी गृहस्थ, अक्षरलेखनात नामांकित, जपानचा कट्टर द्वेष्टा. खालसा होण्याच्या त्याच साली त्याला मुलगी होते आणि तो तिचे नावच ठेवीत नाही. तिला लोक ज्या नावाने हाक मारतात ते आईच्या माहेरच्या गावावरून चिकटलेले. मागून भाऊ होतो, त्याचे मात्र नाव थाटाने ठेवले जाते. मुलगी चौदा वर्षांची होताच बाप तिचे लग्न ठरवतो. तिची आई, जिने जन्मात नवऱ्यापुढे आवाज चढविला नाही, ती पोरीला गुपचूप सोलला राजवाड्यात राजकन्येची सोबतीण म्हणून धाडून देते. आता या बापाला काय म्हणावे? १९१९ मध्ये तो देशासाठी तुरुंगात गेला आहे. त्याच्या देशभक्तीत खोट नाही, आणि त्याच देशभक्तीच्या पोटात जुन्याचा असा हट्ट आहे की मुलीने शिकणे हेही त्याला परकीयांचे वारे वाटते. पुढे या मुलीचा नवरा अमेरिकेस शिकावयास जातो, आणि तिला पारपत्र नाकारले जाते. लग्न होऊन काही दिवस झाले आहेत तोच वर्षानुवर्षांची ताटातूट. अडविणारा बाप एका टोकाला, अडविणारा जपानी अधिकारी दुसऱ्या टोकाला. आणि या दोहोंतून जी अरुंद पायवाट निघते तिने ही बाई चालत राहते. कादंबरी म्हणून ती मधेमधे संथ आहे, हेही सांगितले पाहिजे. पण आगरकर वाचलेल्या महाराष्ट्राला तिच्यातील पेच परका वाटणार नाही. आधी राजकीय की आधी सामाजिक, हा वाद आपल्याकडे पुरुषांनी वर्तमानपत्रांतून घातला. येथे तो एका मुलीच्या अंगावरून गेला आहे.

आता ज्या ग्रंथाविषयी थोडे अधिक बोलल्यावाचून राहवत नाही, त्याकडे येतो. पार्क क्योंग-नी यांची 'तोजी', म्हणजे 'भूमी'. १९६९ साली या कादंबरीचे प्रकरण प्रथम मासिकात आले, आणि शेवटचे पान लिहून झाले १९९४ साली. पंचवीस वर्षे! लेखिकेचा जन्म १९२६ चा; म्हणजे जपानी शाळेत शिकलेली ही पिढी. कोरियन युद्धात नवरा गेला, मुलगा गेला. १९७१ मध्ये कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. जावई कवी, तो लष्करी राजवटीने तुरुंगात टाकलेला. अशा स्थितीत ही बाई लिहीत राहिली. इंग्रजी वाचकापर्यंत या ग्रंथाचा आरंभीचा भाग पोचला आहे. पुढील कथा आम्ही अभ्यासकांच्या लेखनाच्या आधाराने सांगत आहोत.

दक्षिणेकडील हादोंग भागात एका नदीकाठच्या गावी चोय नावाचे जमीनदार घराणे. कथा १८९७ च्या सुगीच्या सणापासून सुरू होते. आई घर सोडून पळते, बापाचा खून होतो, सारे घर तोलून धरणारी आजी पटकीच्या साथीत जाते, आणि एवढ्या मोठ्या वाड्यात सो-ही नावाची एक लहान पोर उरते. वारसाला मुलगा नाही, तेव्हा दूरचा नातेवाईक येऊन बसतो आणि जपान्यांच्या पाठबळाने जमीन गिळतो. बापाविना मुलगी आणि चुलत्याचा लोभ, यात आपल्याला नवे काय? आपल्याकडील कोणत्याही दिवाणी कोर्टाच्या ओट्यावर ही कथा बसलेली असते. नवे पुढे आहे. सो-ही थोड्याशा गावकऱ्यांबरोबर सरहद्द ओलांडून मांचुरियात जाते. आजीने लपवून ठेवलेल्या धनावर व्यापार करते, श्रीमंत होते, घरच्याच नोकराशी लग्न करते, आणि परत येऊन जमीन परत मिळविते. तिकडे असताना आजूबाजूला स्वातंत्र्यसैनिकांची जमवाजमव चालू आहे; ही मात्र त्यांच्यापासून अंतर राखून आहे. तिला एकच ध्यास, गेलेले घर. तिच्यावर गावकरी रागावतात, आणि वाचकही रागावतो. पुढे नवरा चळवळीसाठी मागे राहतो. ती मुलांना घेऊन एकटीच परत येते. गेलेली जमीन हाती आल्यावर तिच्या मनात जी पोकळी होते ती लेखिकेने दाखविली आहे. सूडाचे सारे हिशेब पुरे झाले आणि खाली शून्य आले.

आम्हांला या नायिकेचे मोल येथे वाटते की ती चांगली नाही. गर्विष्ठ आहे, खानदानाचा ताठा तिच्या हाडांत आहे, पैशाच्या बाबतीत ती कोणाला सोडीत नाही. देशमातेचे रूपक तिच्यावर बसवू गेले तर ती ते फेकून देईल. आणि तरीही १९४५ च्या ऑगस्टात जपान शरण गेल्याची बातमी येते तेव्हा अंगणातले एक काटेरी झुडूप धरून ती खाली बसते, आणि अंगाभोवतीचा साखळदंड गळून पडल्याचे तिला जाणवते. आपण बांधलेल्या होतो हे तोवर तिने कधी कबूल केलेले नसते. कादंबरी तेथेच संपते.

यानंतर मिन जिन ली यांची 'पाचिंको'. ही २०१७ साली आली, अमेरिकेत फार गाजली, तिच्यावर दूरदर्शन-मालिकाही निघाली. लेखिका सोलमध्ये जन्मलेली आणि अमेरिकेत वाढलेली. ती टोकियोत राहत असताना तिने तेथील पुष्कळ कोरियन कुटुंबांना गाठून त्यांच्या हकीकती ऐकल्या, आणि आधीचा खर्डा बाजूला ठेवून कादंबरी पुन्हा लिहावयास घेतली. ते श्रम पानोपानी दिसतात.

बुसान बंदराशेजारच्या बेटावर एक विधवा खाणावळ चालवते. तिची मुलगी सुंजा. एका श्रीमंत दलालापासून तिला दिवस जातात. त्याला जपानात बायको आहे हे मागून कळते. आजारी अवस्थेत खाणावळीत उतरलेला एक ख्रिस्ती धर्मोपदेशक तिच्याशी लग्न करण्यास तयार होतो. लग्न झाले की दोघे ओसाकाला जाणार. येथे एक प्रसंग आहे. आई धान्याच्या दुकानात जाते आणि पांढरा तांदूळ मागते, अगदी थोडा, नवरा-नवरीच्या जेवणापुरता. दुकानदार ओळखीचा आहे, भला आहे. पण पांढरा तांदूळ जपानी गिऱ्हाइकांसाठी ठेवावयाचा, तो कमी पडला तर त्याचीच पंचाईत. खाणावळवालीने आयुष्यात कधी हात पसरलेला नाही. ती उभी राहते. शेवटी तो मूठ सैल करतो. घरी भात होतो, आणि लेक परदेशी जाण्यापूर्वी आपल्या मातीत पिकलेला भात जेवते.

या भाताच्या मागे केवढा कारभार आहे, पाहा. १९१८ साली जपानात तांदळाच्या महागाईवरून दंगे झाले. तेथील कामगाराला स्वस्त तांदूळ हवा होता, म्हणून १९२० पासून कोरियात तांदळाचे पीक वाढविण्याची मोठी योजना आखली गेली. पीक वाढले, पण जपानकडे जाणारा तांदूळ त्याहून झपाट्याने वाढला, आणि पिकविणाऱ्याच्या ताटात मांचुरियातून आणलेली भरड धान्ये आली. दादाभाईंनी आपल्या देशातून वाहून जाणाऱ्या संपत्तीचा हिशेब आकड्यांनी मांडला. हे आकडे ज्या घरात घडतात तेथे हिशेब बाईच्या हातातील मापट्याने होतो, आणि माप तिलाच कमी पडते. लेखिकेने योजनेचे नाव काढलेले नाही. दुकानदाराची चुळबुळ तेवढी दाखविली आहे.

ओसाकात कोरियनांची वस्ती, खोपटी, डुकरे, दुर्गंधी. नवऱ्याच्या भावाने या दोघांना आणण्यासाठी कर्ज काढलेले. सावकाराची माणसे दारात येतात, तेव्हा सुंजा जवळचे एक महागडे घड्याळ विकून कर्ज फेडते. दीर खूश होईल असे वाटते ना? तो संतापतो. घरच्या बायकांनी पैसे उभे करावेत हा त्याला डाग वाटतो. तो स्वभावाने वाईट नाही. कारखान्यात जपानी वरिष्ठाची बोलणी खाऊन आलेल्या माणसाजवळ घरातला कर्तेपणा एवढेच वतन उरले आहे, आणि त्याला ते जपावयाचे आहे. पुढे शिंतो देवस्थानापुढे मान झुकविण्याच्या प्रकरणात नवरा तुरुंगात जातो. तेव्हा सुंजा आणि जाऊ मिळून किमची घालतात. किमची म्हणजे कोबीचे तिखट, आंबविलेले लोणचे. त्याच्या वासावरून जपानी मुले कोरियन मुलांना चिडवीत. हाच वास हातगाडीवर घालून सुंजा स्टेशनाजवळ ओरडून विकू लागते. जाऊ मोठ्या घरातली; तिचा आवाजच फुटत नाही. आमच्या मते या कादंबरीतील उत्तम पाने हीच. पुढे कथा मुलांकडे, नातवांकडे, जुगाराच्या यंत्रांच्या धंद्याकडे जाते, पार १९८९ पर्यंत. तिचा विस्तार मोठा होतो, पण हातगाडीजवळ जो जिवंतपणा होता तो आम्हांला तेथे तितका भेटला नाही. आपल्याला कदाचित वेगळे वाटेल.

खानदानी घर, खाणावळ यांखेरीज आणखीही बायका होत्या, आणि त्यांच्याविषयी अलीकडे लिहिले जाऊ लागले आहे. कलावंतिणींचेच पाहा. कोरियात त्यांना 'गिसेंग' म्हणत. गाणे, नाच, कविता हे त्यांचे शिक्षण. २९ मार्च १९१९ रोजी सुवोन शहरात किम ह्यांग-ह्वा नावाच्या गिसेंगने तिसेक जणींना घेऊन स्वातंत्र्याच्या घोषणा दिल्या. त्यांना सक्तीच्या वैद्यकीय तपासणीसाठी नेले जात असे, त्याच वाटेवर हे घडले. ज्यूहे किम यांच्या २०२१ सालच्या 'बीस्ट्स ऑफ अ लिटल लँड' या कादंबरीची नायिका अशाच घरात विकली गेलेली मुलगी आहे. गोव्यातील कलावंतांच्या घराण्यांनी मराठी रंगभूमीला आणि गाण्याला काय दिले, आणि त्यांच्या वाट्याला काय आले, हे ज्यांना माहीत आहे त्यांनी ही कादंबरी जरूर वाचावी.

गिरणीतल्या बाईची गोष्ट आणखी विलक्षण. १९३१ च्या मे महिन्यात प्योंगयांगमध्ये रबराच्या एका कारखान्यात मजुरी कापण्यात आली. बायकांनी संप केला; पोलिसांनी त्यांना रात्री बाहेर हाकलले. त्यांच्यापैकी कांग जू-र्योंग ही तिशीतली विधवा उलमिलदे नावाच्या प्राचीन मंडपाच्या छपरावर चढून बसली आणि सकाळी फिरावयास आलेल्या लोकांना तिने वरून भाषण केले. सुमारे नऊ तासांनी तिला खाली उतरविले. तुरुंग, उपास, आजार. थोड्याच काळात ती गेली. एका मासिकाने तिची मुलाखत छापली होती, म्हणून ती थोडी तरी उरली. २०१८ साली पार्क सो-र्योन या तरुण लेखिकेने तिच्यावर कादंबरी लिहिली. मधे सत्त्याऐंशी वर्षे गेली.

पण गिरणीतल्या बाईवर त्या काळी कोणीच लिहिले नाही असे मात्र समजू नका. कांग क्योंग-ए यांची 'मानवाचा प्रश्न' ही कादंबरी १९३४ साली दैनिकातून क्रमश: आली. जमीनदाराने नासविलेली सोनबी ही खेड्यातील मुलगी इंचोनच्या सूतगिरणीत जाते आणि क्षयाने मरते. जपानी वाचनकाराची कात्री डोक्यावर असताना लिहिलेली ही गोष्ट आहे. त्यामुळे तिच्यात राज्यकर्त्याचे नाव घेता येत नाही. देशी जमीनदार आणि मुकादम मात्र नागडे उभे केले आहेत. सुटका झाल्यानंतर लिहिणाऱ्यांच्या बाबतीत कित्येकदा नेमके उलटे झाले. परका दुष्ट ठळक झाला आणि घरचा पुसट. दोन्ही प्रकारच्या कादंबऱ्या शेजारी ठेवून वाचल्या म्हणजे चित्र पुरे होते.

जेजू बेटावरील पाणबुड्या बायकांचा उल्लेख येथे ओझरता करतो. त्या श्वास रोखून समुद्राच्या तळाशी जातात आणि शिंपले, शेवाळ काढून आणतात. भाव पाडणाऱ्या सहकारी संघाविरुद्ध जानेवारी १९३२ मध्ये त्यांनी हातात आपली अवजारे घेऊन बाजाराच्या दिवशी बेटाच्या जपानी अधिकाऱ्याची गाडी अडविली. पुढाऱ्या होत्या रात्रशाळेत अक्षरे शिकलेल्या मुली. लिसा सी यांची २०१९ सालची 'द आयलंड ऑफ सी विमेन' ही कादंबरी या बायकांची आहे. ती १९४५ नंतरच्या, कोरियन माणसाने कोरियन माणसाला मारल्याच्या काळातही जाते, आणि तेथे ती अधिक कठीण व अधिक चांगली होते.

आता राहिला तो भाग, ज्याविषयी जाहीर सभेत बोलताना शब्द जपून वापरावे लागतात. जपानी सैन्याने युद्धकाळात जागोजागी वेश्यागृहे चालविली आणि त्यांत हजारो कोरियन मुली नेल्या. कोणाला कारखान्यात नोकरी म्हणून, कोणाला इस्पितळात काम म्हणून, कोणाला सरळ ओढून. नेमका आकडा आजही वादाचा आहे. सैन्याने त्यांना जे नाव दिले त्याचा अर्थ 'दिलासा देणाऱ्या' असा होतो. ते नाव आम्ही वापरणार नाही. ज्या जिवंत परतल्या त्या गप्प बसल्या. १४ ऑगस्ट १९९१ रोजी किम हाक-सुन या सहासष्ट वर्षांच्या बाईने प्रथम आपले नाव सांगून जाहीर साक्ष दिली. म्हणजे जपानी गेल्यावर शेहेचाळीस वर्षे! या शेहेचाळीस वर्षांचे तोंड जपान्यांनी एकट्याने बांधलेले नव्हते. परतलेल्या मुलीला ठेवून घेईल असे गाव नव्हते, तिची गोष्ट ऐकेल असा भाऊ नव्हता.

त्या साक्षीनंतर कादंबऱ्या येऊ लागल्या. १९९७ मध्ये नोरा ओक्जा केलर यांची, १९९९ मध्ये चँग-रे ली यांची 'अ जेश्चर लाइफ'. ही दुसरी कादंबरी गुन्हेगाराच्या बाजूच्या माणसाने सांगितली आहे. जन्माने कोरियन, जपानी घरात दत्तक गेलेला, सैन्यात वैद्यकीय काम केलेला, आणि म्हातारपणी अमेरिकेतील एका टुमदार गावात फार सभ्य म्हणून नावाजलेला गृहस्थ. त्याचा सभ्यपणा वाचतावाचता अंगावर शहारा येतो. अत्याचाराचे वर्णन थोडे, आणि तेच बरे. कारण या विषयात लेखकाला एक मोठा मोह असतो. दु:खाचे प्रदर्शन मांडले की वाचक रडतो, आणि रडून झाले की आपण काही केले असे त्याला वाटते. काही लोकप्रिय कादंबऱ्या या मोहाला बळी पडलेल्या आहेत. त्यांची नावे घेत नाही.

मग प्रश्न असा, की जेथे प्रत्यक्ष साक्षी आहेत तेथे कल्पित कथा हवी कशाला? ज्या बाईने पन्नास वर्षे गिळलेले सांगितले, तिच्या शब्दांवर कादंबरीकाराने आपले रंग चढवावेत काय? आम्हांला हा आक्षेप खरा वाटतो, आणि किम सुम या लेखिकेलाही तो खरा वाटला असावा. तिच्या २०१६ सालच्या 'हान म्योंग', म्हणजे 'एक जण', या कादंबरीला तीनशेंहून अधिक टिपा आहेत. नायिकेच्या तोंडचे वाक्य कोणत्या बाईच्या साक्षीतून घेतले, हे खाली दिलेले. कादंबरीला टिपा म्हणजे जेवताना हिशेबाची वही उघडण्यासारखे वाटेल. परंतु येथे प्रत्येक टीप म्हणजे एका खऱ्या बाईचे नाव आहे, आणि ते वगळून पुढे जाण्याचा हक्क लेखिकेने स्वत:ला दिलेला नाही.

कल्पिताला मात्र एका ठिकाणी पुरी जागा आहे. दक्षिण कोरियाच्या सरकारी यादीत अशा २४० जणींची नोंद झाली. ज्यांनी नोंदच केली नाही त्यांची साक्ष कोठून आणणार? किम सुमची नायिका अशीच आहे. तेराव्या वर्षी नदीकाठी गोगलगाई वेचताना तिला उचलून नेले. आता ती म्हातारी आहे. पाडावयाला निघालेल्या एका गल्लीत, पुतण्याच्या नावावरील घरात, एकटी राहते. पुतण्यालाही काही ठाऊक नाही. यादीतील शेवटची बाई मरणपंथास लागल्याची बातमी तिला दूरदर्शनवर दिसते, आणि तिच्या मनात येते, की ती शेवटची नव्हे. अजून एक जण आहे. साऱ्या पुस्तकभर लेखिका तिला नुसते 'ती' म्हणते. अगदी शेवटी, त्या दुसऱ्या म्हातारीस भेटावयास घराबाहेर पडलेली असताना, तिला तेराव्या वर्षी लोक ज्या नावाने हाक मारीत ते नाव आठवते, आणि ती ते उच्चारते.